अडीच मिलिग्रॅम

ताळगावच्या पठारावर रात्रीचे दोन.
काचेच्या भांड्यात क्षाराचं पाणी,
इलेक्ट्रोडवर माझी काळी भुकटी:
आईनं खोबरं काढून टाकलेल्या करवंट्या,
नळीच्या भट्टीत साडेसातशे अंशांवर भाजलेल्या.
एक ग्रॅम उलगडला तर आमचं वेळग्याचं शेत झाकेल,
खाणीचा गाळ बसलेलं, ते.

भोकाभोकांत लोखंड पेरलंय. सुटे अणू.
"किती?" बाबांनी विचारलं होतं.
"अडीच मिलिग्रॅम."
इतके हसले की बशीतला चहा सांडला.
दहा टनांचा टिपर, दिवसाला सात फेऱ्या,
आमोण्याच्या धक्क्यापर्यंत, एकोणीस वर्षं.

पाण्यातून हायड्रोजन सुटतो. आलेख चढतो
आणि चाळिसाव्या मिनिटाला बसतो. रोज.
डॉक्टर कुएल्यो म्हणतात, लोखंड वाढव, प्रणिता.
वाढवलं. बसतो.

शेवटी घरी फोनवर रडले. बाबा ऐकत राहिले, मग:
"माल कमी नाही गो. वाट अरुंद आहे.
भरलेला जातो, रिकामा येतो, एकाच रस्त्यावर.
उसगावच्या वळणावर दोघंही अडकायचे.
बगलेचा रस्ता मागून मागून थकलो आम्ही."

बुडबुडे.
माझ्याच भोकांत कोंडलेले बुडबुडे.

आता करवंटीच्या चुऱ्यात आगरातलं मीठ घालते,
जाडं, मळकट. भाजून झाल्यावर धुते.
मीठ जातं, त्याची जागा राहते.
लोखंड पुन्हा अडीचच.

एक तास दहा मिनिटं झाली.
रेष हललेली नाही.
फोन करायला अजून लवकर आहे.
बाबा पाचला उठतात,
दारात टिपर नसला तरी.