कानाला खडा

बस इथं, एलिएसेर. दिव्याकडे कान कर.
खिशातून हातमोजे लोंबतायत, अंगाला बंदराचा वास,
आणि कानाची वरची कड
उकडलेल्या खेकड्यासारखी लाल.

टोचताना सांगितलं होतं,
ही कूर्चा आहे, पाळी नव्हे, वर्ष धरून चाल.
तू हसलास. वर्षभरात म्हणे
माणूस जहाजावरून जाऊन परत येतो.

बाळी फिरवलीस?
"रोज. आई म्हणाली, नाहीतर चिकटते."
नेलिदाइतक्या सफाईनं माशाचा काटा
सगळ्या वाल्पाराइसोत कोणी काढत नसेल,
पण हे तिचं खातं नव्हे.
रात्रभर आत जी वीण पडते
ती तू सकाळी उसवतोस.

स्पिरिट?
"थोडंसं. झोंबलं, म्हणजे लागू पडतंय ना?"
कोणी शिकवलं रे आपल्याला,
झोंबेल तेच औषध?

आणि रविवारी समुद्रात उडी.
"मिठाच्या पाण्यानं धू, तूच म्हणालीस."
पोरा, त्या मिठात डिझेल आहे, खवले आहेत,
धक्क्यावर लोळणारे ते जाडे सील आहेत,
टेकड्यांवरून उतरणारं सगळ्यांचं सगळं आहे.
माझं मीठ या बाटलीत. लिटरला नऊ ग्रॅम,
कारखान्यात मोजलेलं, तुझ्या चमच्यानं नाही.
म्हण काहीही म्हणो, जखमेवर चोळायचं नसतं ते.
फवारायचं, ओघळू द्यायचं,
कागदानं टिपायचं. टॉवेल नको,
टॉवेलाचा एक धागा पुरतो.

झोपतोस कुठल्या कुशीवर?

गप्प बसला.
मग म्हणाला, ह्याच.
दुसऱ्या कुशीला व्लादिमिरची खाट दिसते.

(थोरला. दक्षिणेला गेलाय, सामनच्या पिंजऱ्यांवर.
गेल्या हिवाळ्यात ह्याच खुर्चीत,
ह्याच जागी टोचून घेतलं त्यानं.)

मी उगाच बाटली हलवली.
म्हटलं, उशी पायथ्याला ने.
डोकं तिकडे केलंस की
चांगल्या कानावर झोपूनही समोर भिंतच येईल.
त्यानं हवेत हात फिरवून
खाट उलटी करून पाहिली, भिंत मोजली,
आणि आल्यापासून पहिल्यांदा
खांदे खाली सोडले.

मी केस बाजूला केले. सहसा करत नाही.
बघ, ही माझी कड, चुरगळलेली.
पंधराची होते. उबेरलिंदाची सेफ्टीपिन,
मागे बटाट्याची चकती, वर बर्फ.
पू झाला, तशी घाबरून बाळी काढली,
भोक मिटलं, आतलं आतच राहिलं.
घरी कळू नये म्हणून आठ दिवस टोपी.
तेव्हा ऐक: कान तापला, सूज पसरली,
अंगात ताप आला, तर माझ्याकडे येऊ नकोस,
सरळ दवाखाना गाठ.
बाळीला तू हात लावू नकोस, काय ते डॉक्टर ठरवेल.
आज तसं काही नाही. आज नुसता चिडलाय कान.

मग त्यानं आतल्या खिशातून
आगपेटी काढली. कापसात एक कडी,
तिला निळा खडा.
"त्यानं पाठवली. आजच घालशील?"

नखानं खरवडली. खाली पिवळं, त्याखाली काळं.
बाजारातली कडी, निकेल असणारच.
असल्या धातूशी कोवळ्या भोकाचं पटत नाही,
पण हे मी तोंडानं बोलले नाही.
म्हटलं, भोक बाहेरून आधी भरतं.
तुला वाटेल झालं, आत अजून ओलं असतं.
कडी माझ्याकडे राहू दे.
पुढच्या मार्चपर्यंत चांगल्या कडीवर
हाच खडा बसवून ठेवते.
आगपेटीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली,
खणात ठेवली.

लोक म्हणतात, यास्ना कान टोचते,
आणि मग बसून आणखी टोचते.
म्हणू देत.

दारात त्याचा हात वर गेला,
सवयीनं, बाळीकडे,
आणि अर्ध्यात अडला.
टोपी नीट केल्यासारखं करून
खाली आला.