खांद्याचे अंश

दुसऱ्या वर्षी हातात गोनिओमीटर देतात.
दोन पारदर्शक पट्ट्या, मध्ये एक खिळा;
शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा
थोरला, कामाला लागलेला भाऊ.
खिळा सांध्यावर, एक पट्टी धडाला समांतर,
दुसरी हाडाच्या मागोमाग चालत जाते.
मी आणि तन्झीला जोडीदार, हजेरी बत्तीस-तेहतीस.
वर्षभर आम्ही एकमेकींनाच मोजलं.
तिचा डावा गुडघा दहा अंश उलटा जातो,
माझी मान उजवीकडे वळायला आळशी आहे,
हे आमच्या दोघींच्या घरी कुणाला माहीत नाही.

परळला, तिसऱ्या मजल्यावर, कपाटाशेजारी
टांगलेल्या सांगाड्याला आम्ही बापट सर म्हणतो.
परीक्षेच्या आदल्या दिवशी रांग लागते
त्यांचा हात हातात घेऊन बसायला.

ओजस पहाटे पाच ते आठ जिममध्ये वजनं मोजतो,
आणि मागच्या बाकावर झोपतो.
त्याला कबड्डीच्या संघाबरोबर गावोगाव फिरायचंय.
तन्झीला म्हणते, भायखळ्यात बाळंतिणींचा वर्ग काढेन,
पोरं पाळण्यात, आया चटईवर.
मी अजून काही म्हणत नाही.
काका विचारतात, "म्हणजे मालिश ना?"
आणि उत्तराआधी पाठ पुढे करतात.

मग ओपीडी.
इंदुमती खराडे, वय बावन्न, शिवडी.
साखर आहे. उजवा खांदा गोठलेला.
मी खिळा ठेवला, पट्टी लावली.
मावशी, हात बाजूने वर घ्या.
बासष्ट.
पुस्तकात एकशे ऐंशी.
त्या वाकून वहीत बघत होत्या :
"पास की नापास?"

मॅडम मागून म्हणाल्या, काय करता येत नाही ते विचार.
विचारलं.
"अंबाडा," त्या म्हणाल्या. "सून घालून देते.
घट्ट घालते. रागानं की मायेनं, कळत नाही.
आणि छताखालची दोरी. काठीनं साडी
वर टाकायची, तर काठीच उचलत नाही."

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी कोष्टक मांडलं.
नव्वद : फळीवरचा मिठाचा डबा.
एकशे दहा : देवाच्या तसबिरीचा हार.
एकशे साठ : दोरी.
अंबाड्यापाशी पेन अडलं.
तिथे नुसती उंची पुरत नाही,
हात मानेमागे वळावा लागतो,
आणि तो कोन पुस्तकात वेगळ्याच पानावर आहे.

वाकून हात लोंबता सोडायचा, झुलवायचा,
विहिरीत सोडलेल्या रिकाम्या पोहऱ्यासारखा.
भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवायची,
एक खाच, थांबा, श्वास, पुढची खाच.
त्या खाचांना त्यांनी नावं ठेवली होती,
सातवी जावयाची, तिथे फार दुखायचं.
बासष्ट. सत्तर. सत्तर.
अडुसष्ट, कारण पुतणीचं लग्न होतं
आणि पुऱ्या कोण लाटणार?
शहाऐंशी.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं,
खांद्याची पूर्ण हालचाल किती?
"दोरीपर्यंत" अगदी ओठांवर आलं होतं.
एकशे ऐंशी, सर, म्हणाले, आणि सुटले.

नवव्या आठवड्यात त्या आल्या
तेव्हा मी पट्ट्या उघडून तयार होते.
"ते ठेव गं. आधी इकडे बघ."
पाठ केली माझ्याकडे.
डावीकडे कललेला, अर्धे केस मानेवर,
तीन आकडे, त्यातला एक निसटायच्या बेतात.
मी मोजलं तरी नंतर. एकशे अठरा.
वहीत तेवढंच लिहिलं, रकाना तेवढाच होता.

शिडीच्या पाचव्या खाचेवर अंबाडा सुटला.
मी हात पुढे केला,
तर त्यांनी आकडा दातात धरला
आणि मानेनेच
नाही म्हणाल्या.