प्रमाण वजन

मनामाच्या सोनेबाजारात एकोणीस वर्षं
मी लोकांचे काटे तपासतो.
दुकानदार हात लांब ठेवून उभा राहतो,
चहा मागवतो, उगाच हवेबद्दल बोलतो.
डॉक्टरांसमोर परवा मीही बोललो,
दमट आहे म्हणालो, फार दमट.

सव्वीस पानं. डावीकडून इंग्रजी, उजवीकडून अरबी,
मध्ये जिथे भेटतात तिथे माझ्यासाठी रिकामी ओळ.
लिजी सिस्टर हिंदीत सांगते, हेल मल्याळी:
नवं औषध की नेहमीचं, ते आम्ही ठरवत नाही,
तुम्हीही नाही. संगणक चिठ्ठी काढतो.
आणि मध्येच सोडावंसं वाटलं, तर केव्हाही सोडा.
‘केव्हाही’वर ती दोनदा बोट ठेवते.

इथं केव्हाही सोडा असं मला
आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
पहिली सहा वर्षं पासपोर्ट साहेबाच्या कपाटात होता.

शालन वेंगुर्ल्याहून फोनवर ओरडली,
‘तुमी काय उंदीर आसात? मुकाट घराक येवा.’
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच, ‘औषध फुकट देतत मां?’
आणि विचारल्याची लाज वाटून तिने फोन ठेवला.

खोलीतला परकार म्हणतो, करून टाक.
पाच वर्षं तुला मरू द्यायचे नाहीत ते,
त्यांना आकडे हवेत.

बाकावर शेजारी रावळपिंडीचा ट्रेलरवाला होता.
त्याने नाही म्हणून सांगितलं.
गाठ लपवता येते भाई, कागद नाही लपवता येत.
कंपनीला कळलं की तिकीट.
पलीकडे मुहर्रकच्या एक आजी. त्यांचा बाप मोत्यांसाठी
बुडी मारायचा. म्हणाल्या, समुद्राचं काय,
तो सगळ्यांना सारखाच. बाप आधी बघायचा
वर दोरी कुणाच्या हातात आहे.

मी लिजीचे हात बघितले.
नखं कापलेली, अंगठ्याला शाई.

सव्वीस पानांत नसलेला प्रश्न मी विचारला:
तपासण्या पाच वर्षं, माझा व्हिसा दोन वर्षांचा.
तुमच्या हिशेबात मी कुठल्या रकान्यात मरणार?
ती हसली नाही. मागच्या कोऱ्या पानावर
तिने प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला, तारीख घातली.
उत्तर अजून आलेलं नाही.

नेहमीचं औषध मिळालं तर वाईट वाटेल का, हेही विचारलं तिने.
काय सांगू? माझ्या पेटीत पितळी वजनं आहेत.
त्यांना कुणी विकत घेत नाही,
त्यांच्यावरून बाकीच्यांचं खरंखोटं ठरतं.
वाईट वाटेल. पण ते काम मला माहीत आहे.

मग वजन करायला उभं केलं. औषधाची मात्रा
किलोवर ठरते म्हणे. त्रेसष्ट.
खाली वाकून चप्पल घालताना काट्याचं स्टिकर दिसलं.
मुदत संपून आठ महिने. आमच्याच कंपनीचं,
खाली माझीच आद्याक्षरं.

म्हटलं सिस्टर, सही उद्या.

दुसऱ्या दिवशी वीस-वीस किलोची तीन वजनं
ढकलगाडीवरून लिफ्टमध्ये. रखवालदार अडवून म्हणाला,
पेशंट कुठे? म्हटलं, मीच.
हातमोजे घालून एकेक ठेवलं. उघड्या बोटांनी
धरायचं नसतं, घामाचंही वजन लागतं.
काटा दीड किलो जास्त दाखवत होता.
स्क्रू फिरवला, पुन्हा ठेवली, पुन्हा.
शेवटी शून्य खरोखरच शून्य झालं.

मग त्याच्यावर मी चढलो.
साडेएकसष्ट.
एवढे दिवस दीड किलो मी नव्हतोच,
आणि कुणीतरी त्याचंही औषध मोजणार होतं.

नवं स्टिकर लावलं. मुदत एक वर्ष.
वजनं फडक्यात गुंडाळली.
लिजीने सव्वीस पानं पुढे सरकवली,
काही बोलली नाही.
मी हातमोजे काढले.