किती दिवे

"बरी आहे," असं सगळ्याच म्हणतात,
म्हणून मी विचारत नाही.
दाराशी घोंगडी झटकते, बर्फ खाली पडतो.
छपरात बोरूची काडी खोचलेली :
आत ओली बाळंतीण, परक्यानं येऊ नये.
मला मुभा आहे.
आधी नाकानं घर वाचते –
शेणीचा धूर, मक्याची पेज, उतू गेलेलं दूध.
सडका वास नाही. एक बरं झालं.

बाळ माझ्या हातात देतात.
पाच दिवसांचा थेबे. थेबे म्हणजे ढाल.
तळवे पिवळे नाहीत, पावलं गार नाहीत,
नाळेभोवती लाली नाही.
श्वास मोजते, छाती खचते का बघते.
चव्वेचाळीस.
करंगळी ओठांशी नेली तर
मनगटापर्यंत खाईल असा भुकेला.
घर हसतं. मीही.

ती भिंतीकडे तोंड करून.
न्थोफेला. म्हणजे 'नुसती एक वस्तू'.
आधीची दोन भावंडं गेली
तेव्हा आईनं ठेवलेलं नाव,
मरणानं ढुंकूनही बघू नये म्हणून.
आता ती माथेबे, थेबेची आई.
पाच दिवसांत तिच्याकडे
मरणानं नसेल, पण माणसांनीही
ढुंकून पाहिलं नव्हतं.

कपडा किती वेळा बदललास? दोनदा.
ताप? नाही. कपाळही तेच सांगतं.
"डोकं तेवढं दुखतंय, मालिनेओ."
"दमलीये," सासू म्हणते, "आम्ही नाही का दमलो?"
बाळंतिणीच्या दुखण्याला
या डोंगरात हाच एक शब्द आहे.
माझ्या बहिणीलाही आम्ही
दमलीच म्हणत होतो,
दुपारपर्यंत.

मी पिशवी उचलते.
तेवढ्यात ती कूस बदलून म्हणते,
"रॉकेल महाग झालंय ना,
मग दोन दिवे कशाला लावलेत?"

घरात दिवा एकच.

पट्टा दंडाला गुंडाळते.
आकडा चढतो, थांबत नाही, चढतो.
पुढचं मला तुटक आठवतं :
सासूचा बदललेला चेहरा,
गोठ्याच्या दगडी कुंपणावर चढून
हात उंच धरून शोधलेली फोनची रेंज,
खोगीर कसणारा नवरा,
त्याच्या बोटांना न सापडणारं बक्कल.

तट्टू नदीत उतरतं.
तिच्या पाठीशी तो, लगाम माझ्या हातात,
माझ्या झग्याच्या आत, कातडीला कातडी लावून,
थेबे.
त्याचा श्वास मोजायची गरज नव्हती.
तरी मोजत होते.
मोजताना दुसरं काही सुचत नाही,
म्हणून.

पलीकडच्या खिंडीत गाडी वळली.
बोलतं ठेवायचं होतं तिला.
"माथेबे, समोर बघ. किती दिवे दिसतात?"
बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
मग, एखादं पोर शाळेत उत्तर देतं तसं,
जपून,
"चार."

"चारच," म्हटलं,
आणि तट्टूला टाच मारायला सांगितली.