आक्षेप क्रमांक सतरा

महोदय,
नदीकाठच्या नव्या इस्पितळाच्या हिशेबावर
आपण घेतलेल्या सतराव्या आक्षेपाचा
खुलासा सादर करतो.

लोखंडी हुक, नग दोनशे.
मंजूर नकाशात ते नव्हते, हे मान्य.
खाटा होत्या. अठ्ठेचाळीस,
मानाउसहून तीन बोटींतून आलेल्या,
पांढऱ्या, चाकांच्या, कळ दाबली की डोकं वर करणाऱ्या.

आक्षेप असा की भिंतीला हुक कशाला?

महोदय, जुन्या वॉर्डात लाउरेआनो होता.
साठ वर्षं नाव वल्हवलेली, फुप्फुसात पाणी.
परिचारिका जुसिनेइदे रोज पहाटे
त्याला खाटेखालून बाहेर काढायची.
पडला नव्हता, उतरला होता.
म्हणायचा, हे लाकूड हलत नाही,
हलत नाही त्यावर माणूस मेल्यावर ठेवतात.

इथे माणूस झोळीत जन्मतो.
पुढे झोळीतच रुसतो, संसार करतो,
ताप आला तर झोळीतच फणफणतो.
सपाट गादीवर त्याच्या पाठीला
काय करावं तेच कळत नाही.

वास्तुविशारद सुमिए ताकानो बाई आल्या तेव्हा
आम्ही त्यांना फरशा दाखवल्या, रंगाचे नमुने दाखवले,
हवेचं यंत्र कुठं बसेल ते दाखवलं.
बाईंनी चटई मागितली.
रात्रभर लाउरेआनोच्या शेजारी जमिनीवर पडून राहिल्या.
सकाळी चेहरा डासांनी फोडलेला.
पेन्सिल घेतली आणि
सगळ्या खिडक्या दोन हात खाली आणल्या.
म्हणाल्या, आजारी माणसाला उभं राहून कोण बघतं नदी?

मग हुक.
एका रोग्याला दोन.
आणखी दोन त्याच्या सोबतीला,
कारण मुलगी तीन दिवस होडीने येते
आणि आपण तिला प्लास्टिकची खुर्ची देतो.
अठ्ठेचाळीस गुणिले चार,
एकशे ब्याण्णव.
चार बाळंतिणींच्या खोलीत.
दोन औषधांच्या कपाटामागे:
तिथे रात्री अडीचला जुसिनेइदे वीस मिनिटं
पाय वर घेते. नियमात बसत नाही. लिहून ठेवतो.

प्रत्येक हुक मी स्वतः लटकून तपासला.
माझं वजन ब्याऐंशी किलो. नोंदवहीत सही आहे.
एकशे सदतिसाव्या जोडाला सही नाही,
तिथे मला झोप लागली.

(अशा जोड्या शंभरच आहेत, हे आपण धराल.
एकशे सदतिसावा हुक म्हणायचं होतं.
मी भांडारपाल आहे, घाई झाली.)

आक्षेप अठराही इथेच संपवतो:
आंदिरोबाचं तेल, बाटल्या तीन.
ते रोग्यांना नाही. हुकांना.
रात्री लोखंड करकरतं
आणि ज्याला नुकता डोळा लागलाय
त्याच्या झोपेत सुतारकाम सुरू होतं.

खाटा आहेत. विकल्या नाहीत.
ज्यांचं हाड मोडलंय, ज्यांना टाके आहेत,
ते खाटेवर. झोळी त्यांच्या डोक्याशी, घडी घालून.
हात पोचेल एवढ्या अंतरावर.

राहिले दोन.

ते नदीकडच्या ओसरीवर, दोन खांबांमध्ये.
बाईंच्या नकाशात तिथे नुसतं एक वक्र आहे,
पेन्सिलीचं, हलकंसं, शेजारी नाव नाही.
डॉक्टर ज्याच्याबद्दल बोलायचं थांबतात
त्याला आम्ही तिथे नेतो.
लाउरेआनो अकरा दिवस होता.
पाणी चढत होतं तेव्हा. मुलगी पायाने झोका द्यायची,
हातात मासे साफ करत.
आम्ही तिला मासे साफ करू नको असं सांगितलं नाही.
यालाही आपण आक्षेप घेऊ शकता.

कोणाचा आजार हुकांनी बरा झाला
असा दाखला माझ्याकडे नाही.
पहाटे खाटेखाली कोणी सापडत नाही,
एवढंच लेखी देऊ शकतो.

खुलासा अमान्य झाल्यास
किंमत माझ्या पगारातून कापावी,
हुक मात्र उपटू नयेत, भिंत फुटेल.
शंका असल्यास तपासणीला स्वतः यावं.
मुक्काम करावा.
येताना झोळी आणावी.
इथल्या सगळ्या भरलेल्या आहेत.

आपला,
एवानिल्दो, भांडारपाल