वीसपैकी

नियम एकच : बाटली सातशेच्या आत.
किंमत आधी फोडायची नाही.
लेबलावर कालच्या पेपरची घडी, तिला रबर.
दर दुसऱ्या गुरुवारी, हळदोण्यात,
फिलुमेनाच्या बल्कांवावर.
मी म्हापशाहून पाच पंचवीसच्या बसने येते,
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले चार पेले
आणि लाल शाईचं पेन.

एकतीस वर्षं मराठीचे पेपर तपासले,
वाइनही तशीच तपासते.
चिलीची ती काळपट : पहिलं पान झकास,
पुढे सगळं गाइडातलं. अकरा.
ऑस्ट्रेलियाची शिराझ हुशार आहे,
पण वर्गात फार बोलते. बारा.
इटलीची पांढरी, साडेसहाशेची,
नुकत्याच पुसलेल्या ओल्या पाटीच्या वासाची.
तिला मी पंधरा दिले
आणि कारण लिहिलं नाही.

उपेंद्रबाबांचं औषधांचं दुकान.
ते पेला उजेडाला धरतात, खोकल्याचं औषध धरावं तसा,
म्हणतात, "जांभूळ. तळाला किंचित आयोडीन."
फिलुमेना म्हणते, "चोरीसाबरोबर जाते का, तेवढं सांगा."

तिचा भाऊ केरुबिन मात्र बंदरांना गुण द्यायचा.
सव्वीस वर्षं तारवटी, जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी.
दक्षिण आफ्रिकेची ओतली की :
"केप टाउन. डोंगरावर ढग अंथरलेला. सोळा."
चिलीची ओतली की :
"वाल्पाराइसो. तिथे माझा बूट चोरला. एकच. चौदा."
"अरे, पण चव?"
"चवच सांगतोय, बाई."

मे महिन्यात स्पेनची एक बाटली निघाली,
दुकानाच्या काचेत उन्हाला उभी राहून राहून गेलेली.
मी घोट घेतला तो क्रोटनच्या कुंडीत.
उपेंद्रबाब म्हणाले, "हिच्यात आता कांदे मुरवा."
केरुबिनने डोळे मिटले. घोट गालात फिरवला.
"बार्सिलोना. रविवार. आंबट हवा. सतरा."

कुणी हसलं नाही.
फिलुमेना उठून आत गेली,
सुक्या बांगड्याचा तुकडा घेऊन आली
आणि त्याच्या नाकाखाली धरला.
त्याचे डोळे अजून मिटलेले.
"काय झालं?" तो म्हणाला, "पुढची उघडा की."

दोन वर्षं.
त्या तापात गेलेला वास परतलाच नव्हता.
गोड, आंबट, तुरट एवढंच जिभेला कळायचं;
बाकीच्या रिकाम्या जागा
तो भरत होता.

नियमाने त्याचे दोन वर्षांचे गुण बाद व्हायला हवेत,
सगळ्या सरासऱ्या पुन्हा काढायला हव्यात.
मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.
कॉपी करणाऱ्या मुलांचे पेपर मी ओढून घेतले आहेत,
एकदा तर एकाच्या आईदेखत,
आणि ती बाई नंतर मला बाजारात भेटली की
भाजीकडे बघायची.
पण हा कुणाचं बघून लिहीत होता?
टोपण परत लावलं.

आता आम्ही त्याला आधी वास सांगतो.
तो ऐकतो, घोट घेतो, मग बंदर सांगतो.
कधी कधी मी मुद्दाम चुकीचा सांगते,
आणि तो म्हणतो, "नाही नाही, हे जिनोव्हा नव्हे."
कसं कळतं, देव जाणे.

काल फिलुमेनाने इथलीच पोर्ट ओतली,
एकशे ऐंशीची, लग्नाच्या केकाबरोबर देतात ती.
उपेंद्रबाब म्हणाले, "मनुका. गूळ. नवं कपाट."
केरुबिन बराच वेळ गप्प.
"गोड," म्हणाला.
मग म्हणाला, "हिचं बंदर नाही माझ्याकडे.
इथून मी नुसता निघायचो."
"गुण?"
"तू दे, बाई."

वही माझ्या मांडीवर. रकाना कोरा.
शेवटची बस पावणेआठची,
आणि कोपऱ्यावर तिचा हॉर्न ऐकू येतोय.