बारा गाण्यांची रात्र

टोलीडो, ओहायो. रात्री एक ते पहाटे पाच.
माझं काम सोपं आहे : जागं राहायचं.
गाणी संगणक लावतो.
यादी येते दूरच्या शहरातल्या कुठल्याशा ऑफिसातून,
जिथे बहुधा कुणी रात्री जागत नाही.
बारा गाणी. बारावं संपलं
की पहिले पाढे पंचावन्न.

एकदा वही घेऊन मोजायला बसले.
चार तासांत पैसा दोनशे चौदा वेळा,
गाडी एकशे नऊ,
बंदूक सत्तर, नंतर पेन संपलं.
आई तीनदा, तीही शपथेपुरती.
घरभाडं शून्य. दाढदुखी शून्य.
बर्फ शून्य,
आणि खिडकीबाहेर माझी गाडी
आरशांपर्यंत बर्फात बुडालेली.

गैरसमज नको, हिऱ्यांशी माझं वैर नाही.
सातव्या नंबरच्या गाण्यावर
भाचीच्या लग्नात मी चपला काढून नाचले आहे,
दुसऱ्या दिवशी गुडघ्याला शेक घेतला आहे.
पण माझ्या आईने अंगठी गहाण टाकली
त्या दिवशी पावतीवरची शाई
तिच्या तळहाताला लागली होती, निळी,
दोन दिवस निघाली नाही.
त्या निळ्यावर या गावात
एक तरी ओळ कुणी रचली असेलच ना?
ती कुठे वाजते?

एझेल महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो.
काचेच्या कारखान्यातून सुटून थेट,
भुवया अर्ध्या जळालेल्या,
हातात पेनड्राइव्ह, त्याला बुटाची नाडी बांधलेली.
त्याच्या मुलीला 'स' म्हणता येत नव्हता.
जीभ अडायची, वर्ग हसायचा.
म्हणून त्याने अख्खं गाणं 'स'शिवाय लिहिलं,
अठ्ठेचाळीस ओळी,
तिलाही बापाबरोबर म्हणता यावं म्हणून :

*भट्टीत वितळते वाळू, वाळूत उजेड एक,*
*बाप उभा रात्रभर, घरी निजली लेक.*
*तू बोल गं हळूहळू, अडलं तर अडू दे,*
*गरम आहे काच अजून, तिलाही घडू दे.*

आमच्या स्टॅनफिलसाहेबांनी ऐकलं,
अगदी शेवटपर्यंत ऐकलं, खोटं कशाला बोलू.
डोळे पुसले की चष्मा, ते कळलं नाही.
मग म्हणाले, छान आहे,
पण धृपद कुठंय?
आणि हे कोणत्या दोन गाण्यांच्या मध्ये लावू?
खरंच, कोणत्या?
चौथ्यात गाडी आहे, पाचव्यात तीच गाडी, रंग वेगळा.

जानेवारीत एका पहाटे, तीन चाळीसला,
संगणक गोठला.
अकरा सेकंद हवेत काहीच नव्हतं.
नियमाप्रमाणे माझा हात बटणावर हवा होता.
तो कॉफीवर राहिला.
शहरभरच्या ट्रकांत, स्वयंपाकघरांत, पहारेकऱ्यांच्या खोक्यांत
माझ्या स्टेशनची शांतता वाजत होती
आणि ती मी याआधी ऐकलेली नव्हती.

मग सहावं गाणं. मग फोन.
पेट्रोल पंपावरचा कुणी म्हातारा.
मला वाटलं आता ओरडणार.
म्हणाला, बाई, मघाशी मध्येच थांबलात ना,
मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी सांगणार.
मी म्हटलं, माफ करा, बिघाड होता.
तो म्हणाला, अस्सं.
फोन ठेवला नाही बराच वेळ.
मीही नाही ठेवला.

काल मंगळवार. एझेल आला, रिकाम्या हाताने.
ते गाणं विसर, व्हर्नेल, म्हणाला,
पोरगी 'स' म्हणायला लागली.
सूप, साबण, सायकल, सगळं सगळं,
दिवसभर घरात सापासारखा सूंसूं आवाज!
आता नवीन लिहितोय,
जिथे जमेल तिथे 'स' कोंबून.

किती झालंय?
अर्धं, म्हणाला,
टोपी झटकली, बर्फ माझ्या वहीवर पडला.
धृपद अजून नाही.